पापुअन भाषांची कुळे: सिद्ध किती, गृहीत किती

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘जगात सर्वाधिक भाषा कोणत्या देशात बोलल्या जातात’ या प्रश्नाला पापुआ न्यू गिनी असे उत्तर दिलेले असते आणि त्यापुढे बहुधा ८४० हा आकडाही असतो. उत्तर बरोबर आहे, पण त्यात खरी नवलाची बाब राहून जाते. भाषांची संख्या मोठी असणे वेगळे आणि त्या भाषा मुळातच एकमेकींपासून वेगळ्या असणे वेगळे. भारतात शेकड्यांनी भाषा असल्या तरी इंडो-आर्य, द्राविडी, ऑस्ट्रो-आशियाई, तिबेटी-ब्रह्मी, ईशान्येकडील ताई-कडाई, अंदमानातील दोन लहान कुळे आणि निहालीसारखी एखादी एकाकी भाषा एवढ्यात त्या सगळ्या बसतात. न्यू गिनी हे बेट, ज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग पापुआ न्यू गिनी या देशात आणि पश्चिमेकडचा इंडोनेशियात आहे, महाराष्ट्राच्या सुमारे अडीचपट आहे. या बेटावर आणि त्याच्या आजूबाजूच्या बेटांवर बोलल्या जाणाऱ्या पापुअन भाषांचा एक मोठा आढावा बिल पामर यांच्या संपादनाखाली २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८६२ भाषा, ४३ कुळे आणि कोणाशीही नाते सिद्ध न झालेल्या ३७ एकाकी भाषा अशी मोजणी आहे, म्हणजे एकूण ८० स्वतंत्र गट.

८० हा आकडा अनेकांना खुपतो. एवढ्याशा भूभागात इतकी कुळे कशी असतील, मूळ कुळे पाच-दहाच असणार आणि अभ्यासकांना ती अजून जुळवता आलेली नाहीत, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य असेलही. परंतु ‘जुळवता आलेली नाहीत’ हीच वस्तुस्थिती असेल, तर नकाशांत, विश्वकोशांत आणि पाठ्यपुस्तकांत तीच छापली पाहिजे, असे माझे मत आहे. भाषाकुळांचा आकडा ही निसर्गाची मोजदाद नसून आजवर झालेल्या सिद्धतेचा हिशोब असतो. तो हिशोब नीटनेटका दिसावा म्हणून पाच-सहा रंगांत बेट रंगवून टाकण्याची सवय गेल्या पन्नास वर्षांत लागली आणि तिने अभ्यासाचे व या भाषा बोलणाऱ्यांचे, दोघांचेही नुकसान केले.

मुळात ‘पापुअन’ हे कुळाचे नावच नाही. या भागातल्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (म्हणजे मलाय, हवाईयन यांच्या कुळातल्या) नाहीत आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषांतही मोडत नाहीत, त्या पापुअन. लंडनमधील एक शाळामास्तर सिडनी रे यांनी १८९० च्या दशकात शेजारच्या ऑस्ट्रोनेशियन कुळातील मेलानेशियन भाषांपासून या भाषा वेगळ्या काढल्या, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. ‘ब्राह्मणेतर’ या शब्दाने जसे एकाच जातीचा बोध होत नाही, तसेच हे नकारातून तयार झालेले नाव आहे. तरीही ते उच्चारताच डोळ्यांसमोर डोंगरदऱ्यांतले, पिसांचे मुकुट घातलेले लोक येतात आणि भाषेचे वर्गीकरण नकळत वंशाचे वर्गीकरण होऊन बसते. या समजाला एक उदाहरण पुरेसे आहे. लवंगांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या, आजच्या इंडोनेशियातील तेर्नाते आणि तिदोरे या मुस्लिम सल्तनतींच्या भाषा उत्तर हाल्माहेरा कुळातल्या, म्हणजे पापुअन. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेर्नातेचा सुलतान ताबारिजी याला पकडून गोव्यात आणले आणि तेथे तो ख्रिस्ती झाला. मांडवीच्या काठावर राहून गेलेला हा दरबारी मनुष्य आणि सेपिक नदीच्या दलदलीत साबूदाण्याच्या माडांवर जगणारा मनुष्य या दोघांनाही एकच ‘पापुअन’ शब्द लागतो, एवढ्यावरून त्या शब्दाचे वजन लक्षात यावे.

मोठी कुळे बांधण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत झाला. हंगेरीत जन्मलेले स्टीफन वुर्म आणि त्यांचे सहकारी १९६० व ७० च्या दशकांत शेकडो भाषांच्या शब्दयाद्या गोळा करत होते. त्यांतील केनेथ मॅकेल्हॅनन आणि क्लेमेन्स फोरहूव्ह यांनी १९७० मध्ये ‘ट्रान्स-न्यू गिनी’ हे नाव पुढे आणले आणि १९७५ मधील वुर्म यांच्या मांडणीत त्या एका छत्राखाली जवळपास ५०० भाषा आल्या. बाकीच्या बहुतेक भाषा पश्चिम पापुअन, पूर्व पापुअन, सेपिक-रामू आणि तोरिचेली या आणखी चार मोठ्या समूहांत बसवल्या गेल्या. हे काम क्षुल्लक नव्हते. वुर्म यांनी नकाशा केला नसता तर पुढच्यांना खोडायलाही काही उरले नसते. पण त्यामागची पद्धत कच्ची होती. साधारण शंभर-दोनशे शब्दांच्या यादीतील किती टक्के शब्द सारखे दिसतात यावर नाते ठरे आणि शब्द जुळले नाहीत तर वाक्यरचनेतील साम्य पुराव्यात जमा होई. सारखे दिसणारे शब्द आणि नियमित ध्वनिपरिवर्तनाने एकाच मुळातून आलेले शब्द यांतला फरक त्या टक्केवारीत पुसला गेला.

शब्दांची टक्केवारी न्यू गिनीत विशेष फसवी आहे. तेथील अनेक समाजांत सासरच्या माणसांची किंवा मृतांची नावे उच्चारणे निषिद्ध असते आणि त्या नावासारखे ऐकू येणारे रोजचे शब्दही टाळावे लागतात. पूर्वी आपल्याकडच्या सुना सासऱ्याचे नाव घ्यायचे टाळत, त्याच जातीची ही प्रथा आहे. फरक एवढा की जिथे भाषा बोलणारे जेमतेम हजार असतात, तिथे टाळलेला शब्द पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतच नाही आणि त्याच्या जागी शेजारच्या भाषेतला शब्द येऊन बसतो. अशा स्थितीत दोन सख्ख्या भाषा दूरच्या वाटू शकतात आणि दोन शेजारणी सख्ख्या बहिणी.

वाक्यरचनेचा पुरावा तर याहून दुबळा आहे. ट्रान्स-न्यू गिनी भाषांचे म्हणून जे लक्षण सांगितले जाते, ते क्रियापदांच्या साखळीचे. आपण ‘उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन निघाला’ म्हणतो, तशी या भाषांत एकापाठोपाठ एक अपूर्ण क्रियापदे येतात आणि काळ-पुरुषाचा पूर्ण बोजा शेवटच्या क्रियापदावर पडतो. त्यांच्यापैकी अनेक भाषा एक पाऊल पुढे जातात: पुढील क्रियेचा कर्ता तोच राहणार की बदलणार हे आधीच्या क्रियापदाच्या प्रत्ययावरूनच कळते. रचना देखणी आहे, ऐकणाऱ्याच्या सोयीची आहे आणि नेमकी म्हणूनच ती एका भाषेतून दुसरीत सहज जाते.

न्यू गिनीच्या उत्तरेकडील मदांगच्या किनाऱ्यासमोर कार्कार नावाचे ज्वालामुखी बेट आहे. त्याच्या एका भागात वास्किया ही पापुअन भाषा बोलतात आणि दुसऱ्या भागात ताकिया ही ऑस्ट्रोनेशियन भाषा. ताकियाची भावंडे असलेल्या ओशनिक (ऑस्ट्रोनेशियन कुळाची एक शाखा) भाषांत क्रियापद सहसा वाक्याच्या मध्ये किंवा आरंभी येते आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी. ताकियात मात्र क्रियापद शेवटी गेले, संबंधदर्शक शब्द नामाच्या मागे आले आणि वाक्याचा सगळा बांधा वास्कियासारखा झाला. शब्द मात्र ऑस्ट्रोनेशियनच राहिले. माल्कम रॉस यांनी १९९६ मध्ये या प्रक्रियेची सविस्तर चिकित्सा केली. केवळ रचना पाहून वर्गीकरण करणारा ताकियाला पापुअन ठरवून मोकळा झाला असता.

मराठी वाचकाला यासाठी कार्कारला जाण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदल्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले की तेथील बोलींत वाक्याचा एकेक तुकडा दुसऱ्या भाषेतील तुकड्याच्या जागी जसाच्या तसा ठेवता येतो. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ या मराठी वाक्याला तेथील उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ असे समांतर वाक्य मिळते आणि द्राविडी कुळातील कानडीचे वाक्यही त्याच क्रमाने, त्याच जोडांनी उभे राहते. कुपवाडची कानडी आणि मराठी यांच्या रचनेवरून कोणी त्यांना एका कुळात घातले तर आपण हसू, कारण या दोन्ही भाषांचा हजार वर्षांहून जुना लेखी इतिहास आपल्यापाशी आहे. न्यू गिनीतील बहुतेक भाषांपाशी शंभर वर्षांचाही नाही. जिथे इतिहास तपासून घेण्याची सोय नाही तिथे पुराव्याची अट अधिक कडक हवी. प्रत्यक्षात ती शिथिल केली गेली.

शिथिलतेची परिसीमा जोसेफ ग्रीनबर्ग यांच्या १९७१ च्या ‘इंडो-पॅसिफिक’ प्रस्तावात झाली. त्यांनी पापुअन भाषा, टास्मानियाच्या नामशेष भाषा आणि अंदमानच्या भाषा एका महाकुळात घातल्या. टास्मानियाच्या भाषांची उरलेली साधने म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या तुटपुंज्या, बिनभरवशाच्या शब्दयाद्या. २००४ मध्ये तर काही अभ्यासकांनी नेपाळमधील कुसुंडा भाषाही याच जाळ्यात ओढली. हा प्रस्ताव भाषाशास्त्रात जवळजवळ कोणीच स्वीकारला नाही. अंदमानच्या बाबतीत मला तो विशेष खटकतो. या लोकांच्या कातडीचा रंग आणि केस पाहून त्यांना पूर्वेकडील लोकांशी जोडणारी वंशविचाराची जुनी परंपरा होती आणि भाषेचा पुरावा त्या परंपरेच्या मागून, तिने आखलेल्या वाटेवरच आला. अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषेचे तपशीलवार व्याकरण आणि कोश केला आणि ती भाषा तिच्या स्वतःच्या रचनेवरून समजून घेता येऊ लागली, तोवर तिच्या शेवटच्या जाणकारांपैकी फारच थोडे उरले होते.

आता दुसरी बाजू. कुळे फोडणाऱ्यांवर एक रास्त आक्षेप असा की सगळेच असे कडक राहिले असते तर ट्रान्स-न्यू गिनी कुळ सापडलेच नसते. हे मान्य केले पाहिजे. वुर्म यांच्या इमारतीतला हा एक मजला, लहान होऊन का होईना, टिकला. अँड्र्यू पॉली यांनी त्याच्या आदिभाषेची रूपे पुन्हा रचायला घेतली, मरण्याच्या अर्थाचा ‘कुम’सारखा धातू कलामसारख्या भाषांत आजही सापडतो हे दाखवले आणि रॉस यांनी २००५ मध्ये सर्वनामांच्या आधारे बहुतेक पापुअन भाषांची फेरतपासणी केली. ‘मी’साठी ‘ना’ आणि ‘तू’साठी ‘ङ्गा’ या आदिरूपांची पिले ज्या भाषांत एकत्र दिसतात, त्या ट्रान्स-न्यू गिनी मानाव्यात, असा त्यांचा ठोकताळा होता. सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत, म्हणून ही कसोटी शब्दयाद्यांच्या टक्केवारीपेक्षा चांगली. पण पॉलींच्याच पुनर्रचनेत खाण्याच्या धातूचे आदिरूपही ‘ना’ आहे आणि एका अक्षराचे शब्द योगायोगाने जगात कुठेही जुळतात, हे विसरता येत नाही. रॉस यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच या कसोटीला प्राथमिक म्हटले होते. पुढे ती ज्या सहजतेने अंतिम निकालासारखी नकाशांत उतरली, ती चूक त्यांची नव्हे.

म्हणून माझा आक्षेप गृहीतकांवर नाही; ती हवीतच. गृहीतक आणि सिद्ध कुळ एकाच जाडीच्या रेघेने काढले जाते, त्यावर आहे. वुर्म यांचे सेपिक-रामू आणि पूर्व पापुअन हे समूह बहुतेक अभ्यासकांनी मोडीत काढून पुष्कळ वर्षे झाली, तरी जुन्या नकाशांच्या नकलांतून ते अजून वावरतात. विल्यम फोली यांनी १९८६ मध्येच साठाहून अधिक कुळे धरावी लागतील असे लिहिले होते. त्यानंतर पुरावा आला तशी कुळे जोडलीही गेली. ओक्सापमिन ही भाषा, जिचे बोलणारे अंगठ्यापासून डोक्यावरून दुसऱ्या हाताच्या करंगळीपर्यंत अंगावरच्या २७ ठिकाणांवर मोजतात, बराच काळ एकाकी समजली जात होती. २०११ मध्ये रॉबिन लॉकनेन आणि सेबास्टियन फेडेन यांनी शेजारच्या ओक भाषांशी तिचे नाते पुराव्याने मांडले. ‘एकाकी’ हा शिक्का म्हणजे जन्मठेप नव्हे. खटला अजून उभा आहे, एवढेच तो सांगतो.

इतके वैविध्य आले कोठून, याचे नेहमीचे उत्तर ‘डोंगरांमुळे माणसे एकमेकांपासून तुटली’ असे असते. ते अपुरे आहे. मध्यवर्ती उंच पर्वतराजीत मोठमोठ्या भाषा आहेत. एंगा बोलणारे दोन लाखांहून अधिक आहेत आणि तो सगळा पट्टा बव्हंशी एकाच, ट्रान्स-न्यू गिनी, कुळाचा आहे. या पट्ट्यातील कुक येथे हजारो वर्षांपूर्वी शेती सुरू झाली होती आणि या कुळाचा प्रसार शेतीबरोबर झाला असावा, असे अनेक जण मानतात. कुळांची खरी गर्दी आहे ती सेपिकच्या सखल, होडीने सहज फिरता येणाऱ्या खोऱ्यात. तेथील लोक तुटलेले नव्हते. दोन-तीन भाषा येणे ही सामान्य बाब होती. शिवाय वेगळेपणा मुद्दाम जोपासला जाई. न्यू गिनीच्या पूर्वेकडील बोगनव्हिल बेटावरच्या बुइन भाषेच्या उइसाई या गावाच्या बोलीत स्त्रीलिंग आणि पुल्लिंग यांची रूपे इतर बोलींच्या तुलनेत सरसकट उलटी झाली आहेत. हा बदल हळूहळू होण्यासारखा नाही. शेजाऱ्यांपेक्षा वेगळे दिसण्यासाठी तो केला गेला असावा, असे डॉन लेकॉक यांनी सुचवले. जिथे माणसे सुमारे ५० हजार वर्षांपासून राहत आहेत आणि ध्वनिनियमांवरून नाते ठरवणाऱ्या तौलनिक पद्धतीची नजर आठ-दहा हजार वर्षांपलीकडे पोहोचत नाही, तिथे ८० गट उरावेत यात आश्चर्य कसले? कमी उरले असते तर आश्चर्य होते.

एकेका लहान गटावर नीट काम केले तर काय हाती लागते, याचे माझे आवडते उदाहरण दक्षिण न्यू गिनीतील याम कुळाचे आहे. या भागातले लोक सुरणासारखे याम नावाचे कंद साठवतात आणि समारंभाच्या वेळी ते सहाच्या पटीत मोजतात. कोम्न्झो भाषेत दोन माणसे प्रत्येकी तीन-तीन कंद उचलून एका ढिगातून दुसऱ्यात टाकतात. सहाचे असे सहा फेरे झाले की ३६, त्यांचे सहा झाले की २१६ म्हणजे ‘तारुबा’, त्यांचे सहा झाले की १२९६ म्हणजे ‘दाम्नो’, आणि मोजणी यापुढेही जाते. सीमेपलीकडे इंडोनेशियाच्या बाजूला कानुम भाषेत हेच शब्द ‘तारुम्पाओ’, ‘न्ताम्नाओ’ असे आढळतात. एवढ्यावरून नाते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, कारण मेजवान्यांच्या निमित्ताने मोजणीचे शब्द एका गावातून दुसऱ्या गावात जातात. परंतु निकोलस इव्हान्स, ख्रिस्टियान ड्योलर यांच्यासारख्यांनी गावोगावी राहून व्याकरणे लिहिली, म्हणून उसना शब्द कोणता आणि वारशाचा कोणता हे ठरवण्याची सोय झाली. शंभर शब्दांच्या यादीत १२९६ साठीचा शब्द कधीच आला नसता.

येथे हा प्रश्न अभ्यासकांच्या खोलीतून बाहेर पडतो. पापुआ न्यू गिनीने १९९० च्या दशकात प्राथमिक शिक्षणाची पहिली वर्षे स्थानिक भाषांत देण्याचे धोरण आखले आणि ४०० हून अधिक भाषांत ती शाळा भरली. जगात असा प्रयोग क्वचितच झाला असेल. २०१३ मध्ये सरकारने सुरुवातीपासून इंग्रजीकडे वळण्याचा निर्णय घेतला. इंग्रजीच्या आग्रहामागे पालकांची खरी चिंता आहे आणि ती आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण इतक्या भाषांची पुस्तके, लिपी आणि शिक्षक तयार करायचे तर आधी व्याकरण आणि कोश लागतो, आणि अनेक भाषांसाठी तोच नव्हता. मोठी कुळे कागदावर बांधण्यात जी हुशारी आणि जे पैसे गेले, त्यांचा काही भाग या पायाभूत कामाकडे वळला असता तर शाळांनाही उपयोग झाला असता आणि वर्गीकरणालाही.

आपण या बाबतीत दूरचे प्रेक्षक नाही. १० हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे भारताची जनगणना स्वतंत्रपणे देत नाही. हा नियम पापुआ न्यू गिनीला लावला तर तेथील बहुसंख्य भाषा कागदावरून नाहीशा होतील. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाणारी निहाली या नियमाखाली येते. तिचे भाषक दोन-अडीच हजार मानले जातात. तिच्यात कोरकू, मराठी, द्राविडी शब्दांची इतकी भर पडली आहे की तिला कधी मुंडा (कोरकू ज्यात मोडते तो गट) म्हटले गेले, कधी मिश्र बोली आणि कधी चोरांची सांकेतिक भाषा. उसने शब्द बाजूला काढल्यावर जो गाभा उरतो तो कुठल्याच ज्ञात कुळाशी जुळत नाही, हे डच अभ्यासक काइपर यांनी १९६२ मध्ये दाखवले. मराठी भाषेच्या नावाने चालणाऱ्या आपल्या संस्थांनी महाराष्ट्रातील या एकमेव एकाकी भाषेसाठी काही ठोस केले असते, तर न्यू गिनीवर मत देण्याचा आपला अधिकार जरा वाढला असता.

सेपिक प्रांतातील गापुन या एका गावाची ताइआप भाषा हीही एकाकी समजली जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यात मानववंशशास्त्रज्ञ डॉन क्युलिक तेथे प्रथम गेले तेव्हाच ती बोलणारे शंभराच्या आत होते आणि मुले टोक पिसिन ही देशाची इंग्रजीवर आधारलेली सामायिक भाषा बोलत मोठी होत होती. ते पुन:पुन्हा जात राहिले आणि तीसहून अधिक वर्षांनी, २०१९ मध्ये, अँजेला टेरिल यांच्यासह त्या भाषेचे व्याकरण आणि कोश छापून झाला. ताइआपचे शेजारच्या कुळांशी काही नाते निघते की नाही, हा वाद आता टक्केवारीने घालण्याचे कारण उरलेले नाही; ज्याला नाते दाखवायचे असेल त्याने त्या कोशातील शब्द घेऊन ध्वनिनियम मांडावेत आणि ते मांडले जाईपर्यंत नकाशावर गापुनचा ठिपका वेगळ्याच रंगात राहू द्यावा.